वडिलांच्या हृदयाचे टक्के



हार्ट फेल्युअर झालेले आई-वडील तिकडे आणि आपण इकडे, अशी गत आपल्यातल्या बऱ्याच जणांची आहे. रिपोर्ट स्कॅन होऊन येतात आणि आपण ते लगेच कॅल्क्युलेटरमध्ये भरतो. वय, इजेक्शन फ्रॅक्शन, क्रिएटिनिन, रक्तदाब... की उत्तर हजर: तीन वर्षांत मृत्यूची शक्यता इतके टक्के! माझ्या वडिलांचा आकडा मीही काढलाय. (मी डॉक्टर नाही, पण स्टॅटिस्टिक्सवर पोट भरतो.)

हा आकडा खोटा नसतो, पण वडिलांचाही नसतो. तो त्यांच्यासारख्या शंभर जणांचा असतो. २००६ चं 'सिएटल' मॉडेल घ्या. दगावलेला एक आणि जगलेला एक असे दोघे त्याच्यापुढे ठेवले, तर जास्त धोका कोणाला होता हे ते शंभरात साधारण ७३ वेळा बरोबर ओळखतं. छापा-काट्यालाही ५० पडतातच की! २०१३ चा 'मॅगिक' स्कोअर तब्बल ३९,३७२ रुग्णांवरून बेतलेला आहे. पण त्यात सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनला किंवा डापाग्लिफ्लोझिनला रकानाच नाही. वडील नेमकी तीच औषधं घेत असले तर?

आणि आपल्याकडचे रुग्ण? २०१३ साली त्रिवेंद्रमच्या नोंदणीत घेतलेल्या १,२०५ रुग्णांचं सरासरी वय जेमतेम ६१ होतं, आणि पाच वर्षांत त्यातले ५९ टक्के गेले. ज्यांना योग्य औषधं नीट मिळाली, ते जास्त जगले.

स्कोअर फेकून द्या असं मी म्हणत नाही. डिव्हाइस बसवायचं का, ट्रान्सप्लांटसाठी कधी पाठवायचं, हे ठरवताना डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. पण ज्याचं आयुष्य आहे त्याला पत्ता नाही आणि टक्केवारी भावंडांच्या ईमेलमधून फिरतेय, हे मला अजिबात पटत नाही. "रजा आत्ता टाकू की दिवाळीला?" हा आपला खरा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर कुठल्याच स्कोअरमध्ये नाही.

त्यापेक्षा फोनवर रोजचं वजन विचारा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता असते, तेव्हा डॉक्टरांना लगेच कळवायला सांगा. चारही प्रकारची औषधं चालू आहेत का, नसली तर का नाहीत, हेही विचारा. आणि हो, लोणच्या-पापडाचं काय चाललंय ते आईला वेगळं विचारा, वडील खरं सांगणार नाहीत.