बाइंडिंगमधला वेताळ

"अगं, दोन दिवस येऊन जा. तुझी मामी माझ्या ट्रंकेच्या मागे लागलीय."

इंदूरहून मामाचा फोन आला तेव्हा कुठली ट्रंक, हे मला विचारावं लागलं नाही. दिवाणाखालची, निळ्या रंगाची, पत्र्याची. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भाचरं इंदूरला जायचो ती आंब्यांपेक्षा त्या ट्रंकेसाठीच. तिच्यात मामाची कॉमिक्स होती. वाचायला मिळायची, पण अटी असायच्या. हात धुऊन यायचं, लोळत वाचायचं नाही आणि हातात खाऊ असेल तर ट्रंकेच्या जवळसुद्धा फिरकायचं नाही.

आता मामा-मामी जुनं घर सोडून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाणार आहेत. मामीचा नियम सरळ आहे. वर्षभरात जिला हात लागला नाही, ती वस्तू नव्या घरात येणार नाही. "अहो, गेल्या दहा वर्षांत किती वेळा उघडलीत ट्रंक?" यावर मामाकडे उत्तर नव्हतं.

आम्ही ट्रंक उघडली. सुटी 118 कॉमिक्स आणि खाली तीन जाडजूड बाइंड केलेले खंड. जवळपास सगळी इंद्रजाल कॉमिक्स.

माझा वेताळ, त्यांचा वेताल

माझ्या वयाच्या वाचकांसाठी थोडं सांगते. 'टाइम्स ऑफ इंडिया' समूहाने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. आधी इंग्रजीत, पुढे हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतही. आधी मासिक, मग पाक्षिक आणि 80च्या दशकात चक्क साप्ताहिक. 1990 मध्ये ती बंद पडली, तोवर 800हून जास्त अंक निघाले होते.

त्यातले दोन मोठे नायक अमेरिकन लेखक ली फॉक यांचे. जादूगार मँड्रेक 1934चा आणि कवटीगुहेत राहणारा वेताळ, म्हणजे फँटम, 1936चा. वेताळाच्या मूळ देशाचं नाव ऐकायला बंगालच्या फार जवळचं होतं. इंद्रजालमध्ये त्याचं 'डेंकाली' झालं आणि आपल्याकडची मुलं तेच खरं मानून मोठी झाली. 1976 मध्ये आपला देशी नायकही आला, बहादूर. लेखक आबिद सुरती आणि चित्रकार गोविंद ब्राह्मणिया यांनी तो घडवला. डाकूचा मुलगा, पण डाकूंविरुद्ध उभा राहणारा, अंगात केशरी कुर्ता आणि खाली जीन्स.

इंदूरमध्ये हिंदी अंक सहज मिळायचे. मराठी अंक मात्र मुंबईची आत्या दर मे महिन्यात येताना गठ्ठा बांधून आणायची. मामाची शाळा हिंदी, गल्ली हिंदी, क्रिकेटही हिंदीतूनच. हिंदी अंकात नाव असायचं 'वेताल' आणि मराठीत 'वेताळ'.

"मित्रांचा वेताल होता, माझा वेताळ," मामा म्हणाला. "मी मराठी वाचायला शाळेत शिकलोच नाही. मी ते याच्याकडून शिकलो."

पाहुणा आला आणि माझी चोरी पकडली

मामीच्या भाच्याने गावातल्याच एका संग्राहकाला बोलावलं. तिशीतला मुलगा. आल्या आल्या त्याने हात धुतले, तिथेच तो मामाला आवडला.

त्याची बघण्याची पद्धत मला फार शिकवून गेली. आधी कव्हर, मग कडा. मग पिना गंजल्यात का. मग प्रत्येक पान मोजायचं, कारण मधलं पान बऱ्याचदा सुटून गेलेलं असतं. पहिल्या पानावर कुणाचं नाव, वाचनालयाचा शिक्का, कोडं पेनाने सोडवलेलं, कूपन कापलेलं, यातल्या प्रत्येक गोष्टीने किंमत उतरते.

बहादूरच्या सुरुवातीच्या अंकांपैकी एक हातात घेऊन तो थांबला. "काका, हा फार छान होता. पण कव्हरवर चिकटपट्टी आहे."

मी खाली बघत राहिले. मी सात वर्षांची असताना ते कव्हर माझ्याच हातून फाटलं होतं. मामा ओरडेल म्हणून मी गुपचूप चिकटपट्टी लावली आणि अंक तळाशी ढकलला. आता त्या पट्टीखाली जाड तपकिरी पट्टा उठलाय, बहादूरच्या खांद्यावरून आरपार. चिकटपट्टीचा गोंद जुना झाला की कागदात मुरतो आणि मग तो निघत नाही.

"मला माहीत होतं," मामा म्हणाला. एवढंच.

किंमत कशाने ठरते?

या छंदात पैसा किती असू शकतो याचं टोक अमेरिकेत दिसतं. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो जून 1938चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक 10 सेंटला विकला गेला होता. 2024 मध्ये त्याची एक चांगली प्रत लिलावात 60 लाख डॉलरला गेली. असे अंक दुर्मीळ का? कारण तिकडेही मुलांनी ते वाचून फाडले, घरच्यांनी टाकले आणि दुसऱ्या महायुद्धात ढिगांनी रद्दीत गेले. टिकले ते थोडे, म्हणून ते मोलाचे.

आपल्याकडे आकडे इतके मोठे नाहीत, पण गणित तेच. स्वस्त कागद, भाड्याने कॉमिक्स देणारी दुकानं, पावसाळा, कसर, वाळवी आणि दर दिवाळीची आवराआवर. एवढ्यातून वाचलेला अंकच संग्रहात पोचतो. 1967 मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेली 'अमर चित्र कथा' आजही नव्याने छापली जाते, त्यामुळे तिथे गोष्ट सहज मिळते आणि संग्राहक शोधतात ती जुनी छपाई. मराठी इंद्रजाल मात्र 1990 नंतर थांबलं.

ज्याला भाव नाही, ते

शेवटी त्याने ते तीन खंड उघडले आणि लगेच मिटले.

"बाइंडिंग करताना कडा कापल्यात, शिलाईची भोकं पडलीत. याला बाजारात भाव नाही, काका."

मामाने खंड आपल्याकडे ओढून घेतले आणि मला न माहीत असलेली गोष्ट सांगितली.

आजोबा कापड गिरणीत कारकून होते. कॉमिक्स म्हणजे वेळेचा सत्यानाश, हे त्यांचं ठाम मत. मामाच्या बोर्डाच्या वर्षी त्यांनी घरात सापडली ती सगळी कॉमिक्स उचलली. मामाने समजून घेतलं की गेली रद्दीत. तो दोन महिने आजोबांशी नीट बोलला नाही. निकाल लागला, मामा पास झाला आणि संध्याकाळी आजोबांनी टेबलावर हे तीन खंड ठेवले. वर कापडी पाठ, आत पहिल्या पानावर गिरणीच्या खातेवहीतल्यासारख्या अक्षरात अनुक्रमणिका. क्रमांक, गोष्टीचं नाव, पानांची संख्या.

चौदाव्या नोंदीपुढे लाल शाईत लिहिलंय, "दोन पाने कमी. शेवट कळत नाही."

मामी ते वाचून हसायला लागली. "म्हणजे मामंजींनी सगळी वाचली होती!"

त्यावर कधी कुणी आजोबांना विचारलं नाही आणि ते स्वतःहून बोलले नाहीत.

शेवटी असं ठरलं. सुट्या 118 पैकी 70 अंक त्या मुलाला दिले. तो नीट सांभाळेल, याची मामाला खात्री वाटली. आलेल्या पैशांतून नव्या घरासाठी काचेच्या दाराचं कपाट घ्यायचं, ही मामीची अट. कपाटात पहिली जागा भाव नसलेल्या तीन खंडांना. आणि चिकटपट्टीवाला बहादूर मामाने माझ्या पिशवीत घातला.

तुमच्याही घरी अशी ट्रंक असेल तर

• फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही नको. दोन्ही गोष्टी परत काढता येत नाहीत. फाटलेला अंक तसाच कागदी पाकिटात सपाट ठेवा.

• उन्हात वाळवू नका. या स्वस्त कागदाला ऊन आणि हवा लागली की तो पिवळा पडून ठिसूळ होतो. कोरड्या दिवशी सावलीत तासभर मोकळे ठेवणं पुरे.

• ट्रंक जमिनीला किंवा ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकणार असाल तर कापडी पुरचुंडीत, पानांमध्ये नको.

• प्रत्येक कव्हरचा मोबाइलवर फोटो काढून यादी करा. काय आहे ते कळलं, की घरातलं कुणी चुकून टाकत नाही.

• विकायचं असेल तर लोक किती मागतात ते बघू नका, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते बघा. विकत घेताना आतल्या पानांचे आणि पिनांचे फोटो मागा आणि ते बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका.

• आणि रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी, ते ज्याचं आहे त्याच्यासोबत एकदा उघडून बसा.

मी निघायच्या दिवशी मामाचा नातू बंगळुरूहून आला होता. आठ वर्षांचा. शाळेत इंग्रजी आणि कन्नड, हिंदी थोडी, मराठी बोलतो पण वाचत नाही. सामानाच्या खोक्यांमध्ये बसून त्याने पहिला खंड उघडला आणि बोट ठेवून अक्षरं जुळवायला लागला.

"वे... ता... ल."

"ल नाही रे," मामा स्वयंपाकघरातून म्हणाला, "ळ. जीभ वर वळव. आणि आधी हात धुऊन ये."