चोवीस सेकंद

परवा शनिवारी लॅपटॉपची साफसफाई करायला बसलो. डिस्क गच्च भरलेली, बिल्डसुद्धा पूर्ण होईना. डिलीट करत करत एका फोल्डरपाशी येऊन थांबलो. माझ्या रूममेटने दिलेली गाणी. तो जाऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी तो फोल्डर एकदाही उघडला नाही आणि डिलीटही केला नाही. मध्ये लॅपटॉप बदलला, तेव्हा मात्र इमानेइतबारे कॉपी केला. बॅकअप म्हणायचं आणि विषय टाळायचा!

परवाही तेच केलं. फोल्डर सोडून डीजे रशाद लावला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रशाद शिकागोचा. तिथे फुटवर्क नावाचा प्रकार आहे. डान्सर समोरासमोर उभे राहून पायांची जुगलबंदी करतात, त्यासाठीचं हे संगीत. मिनिटाला साधारण १६० ठोके. पहिल्यांदा ऐकताना सीडी अडकली की काय असं वाटतं, मग कधीतरी आपलाच पाय हलायला लागतो. २०१३ साली लंडनच्या हायपरडब या लेबलवर त्याचा 'डबल कप' आला, जगभर नाव झालं... आणि २६ एप्रिल २०१४ ला तो गेला. वय ३४.

मग मित्रांनी काय करावं? डीजे स्पिन हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. टेकलाइफ हा त्यांचा कंपू. त्याच वर्षी या मंडळींनी 'नेक्स्ट लाइफ' हे संकलन काढलं, नफा रशादच्या मुलासाठी. २०१६ मध्ये त्याचे अप्रकाशित ट्रॅक 'आफ्टरलाइफ' नावाने आणले. आणि आपापल्या सेटमध्ये ते त्याचं संगीत वाजवत राहिले.

"मित्र गेला आणि हे नाचतायत?" असं आपल्याकडे कुणीतरी म्हणणारच. मला मात्र आपल्या दोन मिनिटांच्या शांततेपेक्षा हे जास्त पटतं. कारण शांत उभं राहताना आपण निम्मा वेळ घड्याळाकडे बघतो. (मी तरी बघतो.) मिक्स करताना तसं चालत नाही. डीजेला हेडफोनमध्ये पुढचा ट्रॅक ऐकावा लागतो, वेग जुळवावा लागतो, एकाचा बेस कमी करून दुसऱ्याला जागा द्यावी लागते. मित्राचा ठोका नेमका कुठे पडतो हे कान देऊन ऐकल्याशिवाय त्याच्याशी जुळताच येत नाही.

आता जरा गणित. समजा दोन ट्रॅक १६ बार एकत्र वाजले. एका बारमध्ये ४ ठोके, म्हणजे ६४ ठोके. १६० च्या वेगाने बरोब्बर २४ सेकंद. तेवढा वेळ गेलेला माणूस आणि उरलेला माणूस एकाच तालावर चालतात. हार घातलेल्या फोटोत हे होत नाही. फोटोतला माणूस तिथेच थांबतो, आपण पुढे सरकतो.

अर्थात नुसती हिट गाणी एकामागून एक लावली की झाली श्रद्धांजली, असंही नाही. तो फोटोच झाला, फक्त आवाजाचा. गेलेल्याचं काम आजच्या कामात मिसळलं, तर ते काम चालू राहिलं असं म्हणायचं.

असो. रविवारी दुपारी शेवटी तो फोल्डर उघडला. त्याचं एक गाणं घेतलं, माझं एक घेतलं आणि ऑडॅसिटीमध्ये जोडायला बसलो. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पहिले तीन प्रयत्न टांग्याचा घोडा घसरल्यासारखे ऐकू आले. तो असता तर लोळून लोळून हसला असता. चौथ्या वेळी चार-पाच सेकंद नीट जुळलं. मग थोडा वेळ स्क्रीन नीट दिसेना.

२४ व्हायला वेळ लागेल. डिस्क अजून भरलेलीच आहे, बिल्डचं सोमवारी बघू.