विश्लेषण : बोल्टचा हिशोब आहे, मग सॉफ्टवेअरचा का नाही? पिंपरी-चाकणच्या कारखान्यांसमोरचा नवा प्रश्न

भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात एखादा बोल्ट सदोष निघाला तर काय होतं? लॉट नंबर बघतात, पोलाद कोणत्या हीटचं होतं ते शोधतात आणि तेवढा माल बाजूला काढतात. आता त्याच कारखान्यातल्या लिनक्स सर्व्हरबद्दल विचारा. त्यात कोणती पॅकेजेस आहेत? ती कोण सांभाळतं? शेवटचं अपडेट कधी झालं? अनेकदा उत्तर एकच मिळतं : "चालू आहे ना, मग हात लावू नका."

युरोपला माल पाठवणाऱ्यांना हे उत्तर यापुढे पुरणार नाही. त्याचं कारण आहे युरोपीय महासंघाचा 'सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट'.

थर्ड पार्टी पॅकेज म्हणजे काय?

गाडी बनवणारी कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही, व्हेंडरकडून घेते. डेबियन, उबुंटू, फेडोरा या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमचंही तसंच आहे. डेटाबेस, वेब सर्व्हर, फाइल लहान करणारं साधन हे सगळं जगभरातल्या वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेलं असतं. ते त्या सिस्टिममध्ये नीट बसेल असं बांधून दिलं की त्याला पॅकेज म्हणतात.

हे बांधणारा तो 'मेंटेनर'. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की ती तपासायची, इतर पॅकेजेसशी जुळते का ते पाहायचं आणि सुरक्षेतली भगदाडं बुजवायची, हे त्याचं काम. डेबियनमध्ये ते मुख्यतः स्वयंसेवक करतात. ही माणसं आपल्यापासून फार लांब नाहीत. लिनक्सवर मराठी अक्षरं दाखवणारा 'लोहित देवनागरी' फाँट रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी बरीच वर्षं सांभाळला.

सगळ्या पॅकेजेसना सारखीच हमी असते का?

नाही. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत 'मेन' विभागातल्या पॅकेजेसना कॅनॉनिकल ही कंपनी 5 वर्षं सुरक्षा दुरुस्त्या देते. 'युनिव्हर्स' विभागातली पॅकेजेस मात्र स्वयंसेवकांच्या भरवशावर असतात. त्यांनाही हमी हवी असेल तर 'उबुंटू प्रो' घ्यावं लागतं. ते 5 मशीनपर्यंत मोफत मिळतं.

शिवाय प्रत्येक आवृत्तीला शेवटची तारीख असते. सेंटओएस 7ला मिळणाऱ्या दुरुस्त्या 30 जून 2024 रोजी थांबल्या. त्यानंतरही ते सर्व्हर सुरूच राहतात, पण नवं भगदाड सापडलं तर ते बुजवायला कोणी नसतं. फेब्रुवारी 2021 मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि प्रकरण निगडी पोलिसांत गेलं. रॅन्समवेअर आत शिरायला अनेक वाटा असतात, न बुजवलेली भगदाडं ही त्यातली एक. आणि हल्लेखोर फक्त मोठ्या बँकाच शोधत नाहीत, हे या शहराने पाहिलेलं आहे.

मग अपडेट आलं की लगेच टाकायचं का?

इथे थोडं थांबायला हवं. मार्च 2024 मध्ये 'एक्सझेड' या फाइल लहान करणाऱ्या छोट्याशा साधनात चोरदरवाजा सापडला. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन-अडीच वर्षं मदत करून मूळ मेंटेनरचा विश्वास मिळवला आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये घातक कोड घुसवला. सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो दिसला.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीला याची झळ बसली नाही, कारण नवीन आवृत्ती तिथे थेट जात नाही. तिथे जुनी आवृत्ती कायम ठेवून फक्त भगदाड बुजवणारा तुकडा जोडतात. म्हणून ऑडिटमध्ये 'आवृत्ती जुनी' असा शेरा आला तरी ती दुरुस्त केलेली असू शकते. आकड्यापेक्षा ती दुरुस्ती लागली आहे का, हे तपासायला हवं.

युरोपचा कायदा काय सांगतो?

हा कायदा 10 डिसेंबर 2024 रोजी अमलात आला. हल्लेखोर एखाद्या भगदाडाचा वापर करत असल्याचं कळलं तर 24 तासांत पहिली सूचना देण्याचं बंधन 11 सप्टेंबर 2026 पासून, तर बाकीचे नियम 11 डिसेंबर 2027 पासून लागू होतात. वस्तूत कोणतं सॉफ्टवेअर आहे त्याची यादी ठेवावी लागेल आणि साधारण किमान 5 वर्षं दुरुस्त्या द्याव्या लागतील. दंड दीड कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो.

टाइप अप्रूव्हल लागणारी वाहनं या कायद्यातून वगळली आहेत, कारण त्यांच्यासाठी आर155 आणि आर156 हे संयुक्त राष्ट्रांचे वेगळे नियम आहेत. भारतात त्याच धर्तीवर एआयएस-189 आणि एआयएस-190 ही मानकं तयार झाली. मात्र औद्योगिक कंट्रोलर आणि नेटवर्कला जोडलेली यंत्रं युरोपच्या कायद्यात येतात. भारतात सर्ट-इननेही ऑक्टोबर 2024 मध्ये अशा यादीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. वाहन उद्योगाला ही कल्पना नवी नाही, हे सॉफ्टवेअरचं 'बीओएम'च आहे.

यातला कळीचा मुद्दा जबाबदारीचा आहे. व्यावसायिक हेतूशिवाय फुकट काम करणाऱ्या मेंटेनरवर हा कायदा बोजा टाकत नाही, वस्तू विकणाऱ्या कंपनीवर टाकतो. पॅकेजमध्ये दोष सापडला तर कंपनीने मेंटेनरला कळवायचं आणि स्वतः दुरुस्ती केली असेल तर तीही त्याला द्यायची. म्हणजे मोठ्या कंपनीकडून हे प्रश्न उतरत उतरत छोट्या पुरवठादाराच्या टेबलावर येणार.

छोट्या कारखान्याने काय करावं?

आधी प्रत्येक मशीनवरच्या पॅकेजेसची यादी काढा. एका कमांडमध्ये ती मिळते. प्रत्येक सिस्टिमची शेवटची तारीख तिच्यासमोर लिहा. एएमसीच्या करारात अपडेट कोण आणि किती दिवसांत करणार, हे नमूद करून घ्या. अपडेट आधी एका रिकाम्या मशीनवर चालवून बघा, बॅकअप घ्या आणि मग गुरुवारच्या सुट्टीत शॉप फ्लोअरवर टाका.

बोल्ट आला की आपण त्याचं इनकमिंग इन्स्पेक्शन करतो. पॅकेज फुकट मिळालं, म्हणून ते टाळता येणार नाही.