मडकंसुद्धा वाजवून घेतो आपण!

मैत्रिणींनो, आज मी गाडी उचलायच्या लिफ्टबद्दल लिहिणार आहे. हो, गॅरेजमध्ये गाडी वर उचलून धरते ना, तीच. तुम्ही म्हणाल, 'मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईला हे काय सुचलं?' मलाही सुचलं नसतं. पण विषय आमच्या बचत गटाच्या बैठकीतच निघाला.

गटातल्या एका वहिनींच्या घरापुढच्या पडवीत त्यांच्या मिस्टरांचं गॅरेज आहे. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी आणि एका वेळी एकच गाडी मावेल एवढी जागा. गेल्या पावसाळ्यात भाऊजी गाडीखाली झोपून काम करत असताना जॅक सटकला. काढलेलं चाक सवयीने गाडीखाली सरकवून ठेवलं होतं. गाडी त्या चाकावर टेकली, म्हणून भाऊजी वाचले. वहिनी आत पोळ्या लाटत होत्या. 'आवाज आला तशी लाटणं हातात घेऊनच पळाले,' हे सांगताना महिन्यानंतरही त्यांचा आवाज कापत होता.

मग लिफ्ट घ्यायचं ठरलं. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंतच्या कर्जाचा 'किशोर' गट आहे. तारण लागत नाही, पण यंत्राचं कोटेशन लागतं. अर्ज दोघांच्या नावाने करायचा होता. भाऊजींनी कोल्हापूरहून कोटेशन आणलं. दोन खांबांची, चार टनांची लिफ्ट, किंमत लाखाच्या वर. वहिनी तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, 'ताई, सही कुठं करायची तेवढं सांगा.'

मी विचारलं, 'ही तुमच्या पडवीत मावणार का?'

'ते मला काय कळतंय? ते ह्यांचं काम.'

मला राहवलं नाही. अहो, आपण साधं मडकं घेताना चार वेळा वाजवून बघतो. साडीचा पदर उजेडात धरून बघतो. आणि लाखाचं यंत्र घेताना, ज्याच्याखाली आपला नवरा रोज उभा राहणार ते यंत्र घेताना, फक्त सही करायची? हप्ता चुकला तर बँकेचा माणूस आपलंही दार वाजवणार, मग प्रश्न विचारायचा हक्कही आपलाच ना!

वहिनी शिवणकाम करतात. ब्लाउजची मापं घ्यायची टेप त्यांच्या गळ्यातच होती. म्हटलं, चला, पडवीचं माप घेऊ. आय. टी. आय. झालेल्या माझ्या भाच्यालाही बोलावलं. लिफ्टच्या माहितीपत्रकातले आकडे तो वाचत गेला, आम्ही मोजत गेलो.

पहिलं माप उंचीचं. दोन खांबांच्या लिफ्टखाली माणूस उभा राहून काम करतो, म्हणजे गाडी सहा फूट वर जायला हवी. इनोव्हासारखी गाडी स्वतःच जवळपास सहा फूट उंच. सहा नि सहा बारा. आणि पत्रा? भिंतीकडे अकरा, पुढे जेमतेम नऊ फूट! गाडीनं पत्राच उचलला असता.

दुसरं माप रुंदीचं. अशा लिफ्टला खांबांसकट अकरा फुटांच्या आसपास जागा लागते. पडवी साडेदहा फूट.

तिसरी गोष्ट जमिनीची. हे खांब बोल्टने जमिनीत घट्ट बसवतात, गाडी वर असताना खांब कलू न देण्याचं काम ते बोल्ट करतात. त्यासाठी तडा नसलेलं, चार ते सहा इंच जाडीचं पक्कं काँक्रीट लागतं. नेमकी जाडी लिफ्टच्या कागदात लिहिलेली असते. शहाबादी फरशीखाली नुसता मुरूम असेल तर बोल्ट धरणार कशाला? आणि काँक्रीट आज ओतलं, उद्या लिफ्ट उभी केली, असंही चालत नाही. त्याला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. लोणच्यासारखं तेही मुरू द्यावं लागतं!

चौथी गोष्ट विजेची. घरचं मीटर सिंगल फेजचं आणि कोटेशनमधली मोटर थ्री फेजची. राहता राहिलं वजन. आल्टो पाऊण टनाच्या आसपास, इनोव्हा दोन टनांच्या आत. चार टन ऐकायला भारदस्त वाटतं, पण अडचण वजनाची नव्हतीच.

सासूबाई म्हणाल्या, 'त्यापेक्षा खड्डा खणा, पूर्वी सगळे तेच करायचे.' स्वस्त खरं, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचून राहते. एक ठिणगी पुरते. शिवाय पावसाळ्यात खड्डा पाण्यानं भरणार आणि घरात तीन वर्षांचा नातू.

शेवटी निवड झाली ती कात्रीसारखी उघडणारी, गाडी कमरेइतकी उचलणारी, सिंगल फेजवर चालणारी लिफ्ट. तिला उंच छत लागत नाही, कडेला खांब नसतात. काँक्रीट मात्र तिलाही लागतं, तेवढा भाग आधी करून घेतला. या लिफ्टमध्ये उणं आहेच. मधली जागा कात्रीनेच अडते, म्हणून गिअरबॉक्स उतरवायचं काम तिच्यावर अवघड. पण भाऊजींकडे येणारी बहुतेक कामं ब्रेकची, चाकांची, सस्पेन्शनची. ती तिच्यावर होतात. अंथरूण पाहून पाय पसरायचे, ते फक्त पैशांच्या बाबतीत नाही, छताच्या बाबतीतही!

भाऊजी सुरुवातीला जरा फुगले होते. 'बायका आता आम्हाला गॅरेज शिकवणार,' असंही म्हणून झालं. पण कोल्हापूरला लिफ्ट बघायला वहिनी त्यांच्याबरोबर गेल्या आणि दुकानदाराला त्यांनीच विचारलं, 'तेलाची नळी फुटली तर गाडी कशावर उभी राहणार?' दुकानदारानं आधी भाऊजींकडे बघितलं, मग उत्तर दिलं. गाडी वर नेल्यावर ती थोडी खाली आणून लोखंडी लॉकवर बसवायची असते. भार तेलावर ठेवायचा नाही, लॉकवर ठेवायचा. लॉक बसल्याची खात्री केल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. वहिनींनी ते लॉक दोनदा लावून दाखवायला लावलं. अर्ध्या किमतीत जुनी लिफ्ट देतो म्हणणाराही एक जण भेटला होता. तिच्यावर किती वजन चालतं याचा कागद नव्हता, म्हणून ती वहिनींनीच नाकारली.

आता पडवीत लिफ्टभोवती पिवळा पट्टा मारलाय. नातवानं तो ओलांडायचा नाही, असा घरात नियम आहे. बटणाचा मुख्य स्विच उंचावर बसवलाय.

तुमच्या घरी लिफ्ट येणार नाही कदाचित. पिठाची गिरणी येईल, कडबाकुट्टी येईल, वेल्डिंगचं मशीन येईल. 'त्यातलं मला काय कळतंय' असं म्हणून सही करू नका. छत किती, जमीन कशी, वीज कुठली, बिघडलं तर काय आणि माणसाला इजा होऊ नये म्हणून त्यात सोय कोणती, एवढं विचारायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

वहिनी परवा बैठकीला आल्या तेव्हा पहिला हप्ता भरून आल्या होत्या. म्हणाल्या, 'ताई, आता पोळ्या लाटताना कान बाहेर लागलेले नसतात.'