शोएबुल्लांचंही नाव घ्या

देगलूरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचो. एका 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर मी हैदराबादच्या निजामाची राजवट टिकवू पाहणाऱ्या रझाकारांच्या जुलमावर भाषण केलं. खाली उतरलो तर आठवीतला एक मुसलमान मुलगा थांबलेला. "सर, निजामाविरुद्ध आमच्यातलं कुणीच नव्हतं का?" मला उत्तर देता आलं नाही. अज्ञान माझं, मान खाली घातली त्या पोरानं.

उत्तर होतं. शोएबुल्ला खान हैदराबादेत 'इमरोज' हे उर्दू दैनिक काढत. निजामाच्या संस्थानानं भारतात सामील व्हावं, असं ते उघड लिहीत. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्यांना गाठून मारलं, लिहिता हातही तोडला. महिनाभरात भारत सरकारची पोलीस कारवाई झाली आणि निजामाची राजवट संपली.

आमच्या शेजारच्या बिलोली तालुक्यात अर्जापूरला 1946 मध्ये निजामाविरुद्धच्या लढ्यात गोविंदराव पानसरे हुतात्मा झाले. कोल्हापूरचे कॉम्रेड पानसरे वेगळे, हे मुलांना आवर्जून सांगावं लागतं. अर्जापूरच्या पानसऱ्यांचं नाव घेतलंच पाहिजे. पण त्यांच्यासोबत शोएबुल्लांचं नाव आलं नाही, तर राजवटीविरुद्धचा लढा पोरांना धर्माविरुद्धचा वाटतो.

जुलमाविरुद्धचा लढा आपल्याच माणसांशीही असतो. इटली दरवर्षी 25 एप्रिलला मुक्तिदिन पाळते. मुसोलिनी इटालियन होता आणि त्याच्या फॅसिस्टांशी डोंगरदऱ्यांत लढलेले पार्टिझनही इटालियनच. जुलमी आपल्यातला निघाला म्हणून ते घरी बसले नाहीत. शोएबुल्लाही बसले नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपलं नांदेड. लातुरात वकिली केलेल्या, रझाकारांचा म्होरक्या असलेल्या कासीम रझवीच्या पापाची किंमत त्याचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी मोजली.

देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू एकदमच कानावर पडतात. अशा गावात अर्धा इतिहास सांगणं म्हणजे अर्ध्या गावाला परकं करणं. म्हणून माझी मागणी आहे: तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत 17 सप्टेंबरला पानसरे आणि शोएबुल्ला ही दोन्ही नावं झेंड्याखाली उच्चारली जावीत.

तो मुलगा आज बाप झाला आहे. त्याची थोरली याच गावात शाळेत जाते. बापाचा प्रश्न तिला विचारावा लागू नये.