भरती आल्यावर पाखरांनी जायचे कुठे?

संध्याकाळी सायकल काढून पाम बीच रस्त्याने नेरुळकडे निघणाऱ्यांची नवी मुंबईत चांगली वर्दळ असते. हिवाळ्यापासून मे अखेरीपर्यंत त्यांतले कितीतरी जण खाडीलगतच्या पाणथळीशी थांबतात. कुरव, सुरय, शेकाटे पाहतात आणि मुख्य म्हणजे रोहित, आपले फ्लेमिंगो. हे सुख शहराच्या हातून निसटते आहे, आणि ते निसर्गाच्या लहरीमुळे नव्हे.

ओहोटी लागली की ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो. त्यात चोच उलटी बुडवून रोहित शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. भरती चढली की तोच चिखल पाण्याखाली जातो. मग पुढचे काही तास या हजारो पाखरांना उभे राहण्यापुरते उथळ पाणी हवे असते. ते नेरुळच्या डीपीएस तलावात, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे आणि उरणकडे पाणजे, भेंडखळला मिळते. 2015 मध्ये 1,690 हेक्टरचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसरचा दर्जाही मिळाला. पण भरतीच्या वेळचे हे आसरे त्या हद्दीबाहेरच राहिले. पाहुण्यांसाठी माजघर राखायचे आणि ओसरी विकायला काढायची, असा हा कारभार आहे.

त्याचे फळ 2024 मध्ये दिसले. डीपीएस तलावात भरतीचे पाणी आणणाऱ्या वाटा नेरुळ जेट्टीच्या बाजूने बुजल्या, तलाव आटत गेला आणि त्या उन्हाळ्यात तिथे रोहित मरून पडले. त्याच वर्षी 20 मे रोजी रात्री घाटकोपरच्या आकाशात मुंबईत उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला. तीसपेक्षा जास्त पाखरे वस्तीत कोसळली. विमानतळाच्या आसपास पाणथळी नकोतच, असे म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. तळे बुजवल्याने पाखरू नाहीसे होत नाही, ते दुसरे तळे शोधत आणखी उडत राहते. नवी मुंबईच्या विमानतळाचे तर ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झाले आहे, त्यामुळे हा प्रश्न आता दाराशीच आला आहे.

डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने 2025 मध्ये मान्यता दिली. नागरिकांनी चिकाटीने लढून मिळवलेला हा निर्णय आहे, त्याचे मनापासून स्वागत. मात्र एका तळ्यावर ही पाखरे जगणार नाहीत, आणि पाणी फिरकत नसेल तर राखीव क्षेत्राचा कागद त्यांच्या उपयोगाचा नाही. पश्चिम बंगालने कोलकात्याच्या पूर्वेकडच्या 12,500 हेक्टर पाणथळींसाठी 2006 मध्ये स्वतंत्र कायदा केला. तिथली अतिक्रमणे त्याने संपली नाहीत, हे खरे. तरीही भराव पडला तर नागरिकाला बोट ठेवायला एक हद्द आहे, एक कलम आहे. पाणज्याच्या माणसाच्या हाती काय आहे?

सिडको, महापालिका आणि वन विभाग यांनी पुढच्या हंगामाआधी प्रत्येक पाणथळीत येणाऱ्या भरतीच्या वाटा मोकळ्या कराव्यात. उधाणाच्या भरतीला कुठे किती पाणी पोचले याची नोंद लोकांसमोर ठेवावी. चाणक्यमागची, पाणज्याची आणि भेंडखळची जागा वन विभागाच्या ताब्यात द्यावी. तोवर या जागांवर मातीचा एकही डंपर रिकामा होता कामा नये.