सडा ओसाड नाही

कोकणातले सडे, म्हणजे जांभ्या कातळाची पठारे, ओसाड, तिथे प्रकल्प उभारल्याने कुणाचेच नुकसान नाही, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे मुळीच पटले नाही. श्रावणात याच कातळावर, बोटभर मातीत, सीतेची आसवे निळीजांभळी फुलतात. ही इवलीशी वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून जगते. जांभ्यात मुरलेले पाणीच पायथ्याच्या विहिरींना आणि झऱ्यांना मिळते. शिवाय बारसू, देवाचे गोठणे, कशेळी येथील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या पोटात मासे, पक्षी, जनावरे कोरलेली आहेत. हे शिल्प हलवणार कुठे? रोजगार हवाच. पण जागा ठरवण्यापूर्वी सड्याची पाहणी भर पावसाळ्यात करावी आणि तिचा अहवाल मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावा.

– एक वाचक, राजापूर